बाबांना न सांगितलेली गोष्ट

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला जो पहिला माणूस दिसला, त्याच्यावरच मी तुटून पडले.

"माह्या बापाच्या तोंडात फोड आले, घास गिळता येत नाही, अन् तुमचा फोन कोणी उचलत नाही! अन् ज्याच्यावर सही घेतली तो हा कागद... बावीस पानं, सारी इंग्रजी! चौथी शिकलेल्या माणसानं वाचाचा कसा?"

नागपूरच्या त्या दवाखान्यात सगळे वळून बघायला लागले. तो हळूच म्हणाला, "बोलणं आमच्याकडचं वाटते... मी एकोडीचा. राजकुमार."

"आमी दिघोरीचे. मंग तर तुमाले जास्तच लाज वाटाले पाहिजे!"

त्याचे कान लाल झाले. रुग्णांची कागदपत्रं आणि इलाज बघायला तो आठवड्यापूर्वीच कामाला लागला होता, हे मला नर्सनं नंतर सांगितलं... त्यानं नाही.

आधी त्यानं डॉक्टरांना बोलावून फोडांवर औषध सुरू करवलं. मग कपाटात पडून असलेला मराठी कागद आणला आणि बाबांच्या खाटेशी बसला.

"काका, तुमच्या फुफ्फुसातला कॅन्सर पसरला हाय. ह्या दोन दवाया संगं देल्या तर जास्त फायदा होते का, हे अजून कोणालेच माहीत नाही. तेच तपासून राहिले. तुमी नाही म्हटलं, तरी नेहमीचा इलाज सुरूच राहीन."

"म्हंजे... माह्यावर तपासून राहिले?"

तीन महिने! तीन महिने बाबांवर नव्या औषधांची चाचणी चालली होती, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रागानं माझे डोळे भरले. पाहिलं तर — त्याचेही.

बाबांनी दोन दिवस विचार केला. "राह्यतो," म्हणाले. "आता समजून राह्यतो."

मग दर तीन आठवड्यांनी आमची फेरी.

"आज भांडण नाही काय, कामिनीताई?"

"ताई नका म्हणू, मंग नाही भांडत."

तो हसायचा... आणि लगेच फाइलमध्ये डोकं घालायचा. त्या फाइलचाही मला राग यायचा!

श्रावणातल्या फेरीला बाबांची गाठ वाढली नसल्याचं कळलं. पण तो नव्हता. नर्सकडून कळलं, असेच न सांगता चाचणीत घेतलेले आणखी अकरा जण निघाले होते. त्यानं लेखी तक्रार केली. चौकशी लागली, आणि दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यालाच काढलं.

चार दिवसांनी मी भाताच्या बांधीत रोपं लावत रोवणा करत होते, तर शेताच्या कडेला, धुऱ्यावर, तो उभा!

"नोकरी गेली, अन् मले सांगितलं नाही? एवढी परकी हावो काय मी?"

"बोललो असतो, तर आणखीनही बोलून गेलो असतो..." तो थांबला. "तुमचा बाप माह्या हाताखाली इलाज घेत होता, कामिनी. तवा मनातलं विचारलं असतं, तर तुमाले मोकळ्या मनानं नाही म्हणता आलं असतं काय?"

माझ्या हातातलं रोप तसंच राहिलं.

"अन् आता?"

"आता येते नाही म्हणता. खुशाल म्हणा."

"अन् मले हो म्हणायचं असंन तर...?"

तो धुऱ्यावरून उतरला आणि बूट न काढताच, गुडघाभर चिखलातून, सरळ माझ्याकडे यायला लागला.