मागच्या हौद्यातले ठोके

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांच्यावर ती गुदरली ते हंबीरराव हयात आहेत, आणि ज्याची गाडी, तो नागराजही. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. दोघं एकच सांगतात.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार, दुपारचे अडीच. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतला उड्डाणपुलाखालचा रस्ता. वर वाहनांची घरघर, बाजूला लख्ख ऊन.

त्या उन्हातच ते सुरू झालं...

हंबीररावांचं वय सदुसष्ट, धंदा गाड्या दुरुस्तीचा. घराणं मराठा, पण कित्येक पिढ्या बंगळुरातच रुजलेलं. माणूस भिडस्त. गॅरेजच्या कपाटात अवजारांपेक्षा पुस्तकं जास्त. गाडीचं मॅन्युअल उघडून, चष्मा लावून पान वाचल्याशिवाय ते बोल्टला हात लावत नसत. आणि हात लावल्यावरही मनात तेच... आपलं चुकत तर नाही ना?

ही उणीव परसू भरून काढायचा. परसू खानापूरकडचा, त्यांचा तीस वर्षांचा जोडीदार. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कान मात्र असा की गाडी गल्लीत वळली की दुखणं सांगायचा.

दोघांची एक रीत होती.

हंबीरराव गाडी चालवायचे. परसू मागच्या हौद्यात पालथा पडायचा. लोखंडी सळईचं एक टोक पत्र्याला, दुसरं कानाला. आवाजाचं मूळ सापडलं की तो केबिनच्या पाठीवर ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे गिअरबॉक्स. दोन म्हणजे शाफ्ट, गिअरबॉक्सकडून मागे जाणारा तो लांब फिरता दांडा. तीन म्हणजे मागच्या चाकांमधला डिफरेन्शियल.

काहीच नसलं तर ठोका नाही. खाली उतरून, हात पुसत तो एवढंच म्हणायचा, "सोडा गाडी, राव."

तीस वर्षं त्या शब्दावर हंबीररावांनी गाड्या सोडल्या.

एप्रिलमध्ये परसू झोपेतच गेला.

आणि जुलैपासून नागराजची पिकअप येऊ लागली.

नागराज निपाणीचा, नर्सरीतल्या कुंड्या वाहायचा. त्याची गाडी चाळीसच्या पुढे थरथरायची, आणि चढावर जोर दिला की तिसरा गिअर आपोआप सुटायचा. हंबीररावांनी क्लच प्लेट बदलली. मग गिअरबॉक्स उघडला. मग शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलला, तोही दोनदा. दर वेळी तीन आठवडे गाडी छान. मग पुन्हा तेच.

"अण्णा, ही गाडी आहे का माझी सासू?" नागराज म्हणाला. "दर महिन्याला येऊन बसते!"

त्याची बायको धनलक्ष्मी शेजारीच उभी होती. "माझी आई परवडली," ती म्हणाली. "कुठं दुखतंय ते ती निदान बोलून तरी दाखवते."

हंबीरराव ओशाळून हसले.

पण धनलक्ष्मी हसत नव्हती. शनिवारी पहाटे निघून, मंगळूरच्या वाटेवरचा चार्माडी घाट उतरून तिच्या भावाच्या घरी जायचं होतं. नव्या घराची वास्तुशांत. हौद्यात सामान, आणि सामानावर त्यांच्या दोन्ही मुली.

घाट उतरताना गिअर सुटला, तर सगळा भार ब्रेकवर.

"स्वल्प... जरा स्पष्ट सांगा, अण्णा," ती म्हणाली. "न्यायची की नाही?"

म्हणून गुरुवारी दुपारी हंबीररावांनी गाडी बाहेर काढली. शेजारी नागराज. मागचा हौदा झाडून रिकामा.

चढ आला. तिसरा गिअर.  काटा चाळीसच्या पुढे सरकला, थरथर सुरू झाली आणि गिअर धाडकन सुटला.

आणि त्याच क्षणी पाठीमागे...

ठक्. ठक्.

हंबीररावांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"मागं काय ठेवलंय, अण्णा?" नागराजनं मान वळवली.

गाडी थांबवून दोघं उतरले. हौद्यात काही नव्हतं. सुतळीचा तुकडासुद्धा नाही.

पुन्हा चढ. पुन्हा तिसरा गिअर.

ठक्. ठक्.

या वेळी जरा जोरात. परसूला एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा होता...

 गॅरेजमध्ये येऊन हंबीररावांनी शाफ्ट उतरवला. क्रॉस पाहिला. नवाकोरा असूनही तो एका बाजूनं झिजू लागला होता. नवा क्रॉस असा तिरका का झिजावा? ते बॅटरी घेऊन गाडीखाली उताणे झाले. गिअरबॉक्स ज्या आडव्या लोखंडी पट्टीवर टेकतो, तिच्यावरचा चिखल त्यांनी नखानं खरवडला.

केसाएवढी चीर.

गाडी उभी असताना ती मिटलेली. जोर आला की उघडायची. मग गिअरबॉक्स खाली झुकायचा, शाफ्ट वाकडा फिरायचा, क्रॉस झिजायचा आणि गिअर सुटायचा. चार महिने त्यांनी फळं तोडली होती. मूळ इथं होतं.

शाफ्टचा माग धरूनच ती सापडली. दोन ठोके खरे निघाले.

रात्री त्यांना झोप लागली नाही.

शुक्रवारी सकाळी पट्टीला जाड लोखंड जोडून वेल्डिंग केलं. अकरा वाजता गाडी चढावर नेली. चाळीस. पन्नास. साठ. लोण्यासारखी चालली. मागून आवाज नाही.

नागराजनं टाळी दिली. "झालं, अण्णा! नेऊ ना?"

हंबीररावांच्या तोंडून 'हो' फुटेना. तीस वर्षांत तो शब्द त्यांना कधी उच्चारावाच लागला नव्हता.

शेवटी त्यांनी खुंटीवरची परसूची सळई काढली. "तू चालव," ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः हौद्यात पालथे झाले.

सळईतून आधी गिअरबॉक्स ऐकू आला. स्वच्छ. मग ते सरपटत मागे सरकले. शाफ्ट, स्वच्छ. आणखी मागे, अगदी फाळक्यापाशी. डिफरेन्शियलची संथ घुमघुम. तीही स्वच्छ.

पत्रा उन्हानं पोळत होता. हंबीररावांनी कोपर जरा उजवीकडे टेकवलं...

तिथं पत्रा गार होता.

त्यांनी पाय लावून पाहिला. तिथंही गार. त्यांच्या शेजारी, एक माणूस पालथा पडेल एवढीच लांबी... गार.

तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. नागराज धावत मागे आला.

"काय गेलं, अण्णा? तीनदा ठोकलंत!"

हंबीररावांचे दोन्ही हात सळईवर होते. केबिन त्यांच्यापासून सहा फूट लांब होती.

त्यांना एकही ठोका ऐकू आला नव्हता.

त्यांनी संध्याकाळपर्यंत डिफरेन्शियल उघडून मांडला. एकेक दात पाहिला. तेलात लोखंडाचा कण नाही. पुस्तकातल्या मापांशी माप जुळवलं, तीन वेळा. पलीकडच्या गल्लीतले जयसिंगराव, तेही जुने मिस्त्री, त्यांनाही बोलावलं. त्यांनी सगळं चाचपलं आणि ते हसले.

"हंबीरराव, आपण दोघं आधी जाऊ. ही नाही जायची."

दारात धनलक्ष्मी उभी होती. "हो की नाही, अण्णा?"

दोन ठोके खरे निघाले होते. मग तीन खोटे कसे?

"नको," हंबीरराव म्हणाले.

"का?"

त्यांनी सळई पुन्हा खुंटीवर अडकवली.

"भीती तुम्हाला," ती तडकली, "आणि बसचे धक्के माझ्या पोरींना!"

ते बसनं गेले. सुखरूप परत आले. पिकअपही त्या दिवसापासून शहरात कुंड्या वाहते आहे. थरथर नाही, गिअर सुटणं नाही.

काही झालंच नाही. म्हणून काही कळलंही नाही.

हंबीररावांनी त्यानंतर दोनदा डिफरेन्शियल उघडला. निर्दोष. अजून तीनदा ते हौद्यात पालथे झाले. पत्रा सगळीकडे सारखाच तापलेला. नागराजलाही पुन्हा काही ऐकू आलं नाही. परसू सांगून मोकळा झाला होता, की चुकला होता, की तो परसूच नव्हता... कोणाला विचारायचं?

आता धनलक्ष्मीच्या भावाला मुलगा झालाय. बारसं आहे. तोच घाट, तोच हौदा, त्याच दोन मुली.

"एवढे महिने गाडी मस्त चाललीय, अण्णा," परवा नागराज म्हणाला. "या वेळी बस नको. तुम्ही फक्त एकदा 'सोड' म्हणा."

हंबीरराव अजून काही बोललेले नाहीत.

शनिवारी पहाटे चारला निघायचं आहे त्यांना.

आज शुक्रवार.