दोरीचं दुसरं टोक

दिवा बारीक करा रे, किडे येतात. नॉ से, सुपारी दे इकडे. आणि मधे मधे बोलू नका.

खालच्या वळणावरचा सॉ थू लेर माहीत आहे ना? त्याच्यावरच गुदरलेलं आहे हे, त्याच्याच तोंडून ऐकलंय. गेल्या फेब्रुवारीतली अमावस्या, मंगळवार. सालवीन उतरली होती. या नदीच्या पोटात काय काय उगवतं ते धरणवाल्यांना दाखवायचं, म्हणून गावानंच पाणवनस्पतींची पाहणी काढली होती. काठापासून मधल्या खडकापर्यंत दोरी ताणायची, तिच्यालगत बांबूची चौकट पाण्यात टाकायची आणि आत जे शेवाळ, जे गवत सापडेल त्याचा एकेक तुकडा घ्यायचा. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाठीचं लाकूड व्हायचं. पोरगं पार थकलं होतं.

थकवा नुसता कामाचा नव्हता म्हणा. त्याचा थोरला भाऊ, सॉ वा गे, आदल्या पावसात होडी काठाला बांधताना वाहून गेला. देह मिळालाच नाही. तेव्हापासून त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या डोळ्याला डोळा नाही. मेलेल्याला हाक मारू नकोस, असं जाणत्यांनी बजावलेलं. ती मारायची नाही. म्हातारी रात्रभर घराच्या शिडीकडे बघत बसायची, आणि तिच्यापायी हाही जागा.

तर त्या दिवशी तुकडे त्याच्या झोपडीत ठेवले आणि आठवलं, दोरी नदीतच राहिली. पाहणीतली सोबतीण होती नॉ ए पॉ, जिभेनं तिखट.

"तुझं डोकंपण तिथंच राहिलंय का बघ," ती म्हणाली. "हो पुढे, येते मी दुसरं टोक धरायला."

हा गेला. अंधार पडला होता. काठावरची गाठ सोडून त्यानं दोरी ओढली.

पलीकडून कुणीतरी ओढली.

"सोड गं ए पॉ! अंगात त्राण नाही माझ्या."

दोरी सैल झाली. हळूहळू त्याच्याकडे येऊ लागली... कुणीतरी धरून आणावी तशी.

आपल्यात नदीवरून निघताना स्वतःच्या जीवाला हाक मारून घरी न्यायची, नाहीतर तो पाण्यात रेंगाळतो. रोज तो आपलं नाव घ्यायचा. त्या रात्री पेंगत म्हणाला, "चला... सगळे घरी चला."

नाव न घेता. समजलं का?

वाटेत मागं ओली पावलं वाजत होती. ए पॉच असणार. तो वळला नाही.

शिडी चढून वर आला. ए पॉ चुलीपाशी बसलेली. कोरडी. हातात चहा.

"तू... आली नाहीस?"

"कंटाळले रे. रागावू नकोस."

मागं शिडीची पायरी करकरली. मग वरची...

म्हातारी उठली. नदीवरून आलेल्याच्या मनगटाला बांधतो तो पांढरा दोरा तिनं घेतला. थू लेरला बांधला. मग त्याच्या शेजारून, अंधारात, हात पुढं केला.

आणखी एक बांधला.

गाठ मारली. टोक दातानं तोडलं. आत जाऊन झोपली. थोरला गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मधल्या खडकापाशी दोघांनी चौकट टाकली. तळाच्या शेवाळात पांढरा दोरा. म्हातारीची गाठ.

त्या चौकटीतलं त्यांनी काही उपटलं नाही.

मधे पूर येऊन गेला. खालच्या होड्या गेल्या, अर्धा काठ गेला. यंदा पाणी उतरल्यावर मी स्वतः जाऊन बघितलं. दोरा तिथंच आहे. मनगटाएवढं वळं, आत पाणी... आणि गाठ सुटलेली नाही.