नात्याचा रकाना

खुशबूला दुर्गेश पहिल्यांदा दिसला तो चुकीच्या रांगेत. अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होती. इकडे लग्न जुळवताना पत्रिका नंतर, आधी सिकलचं कार्ड बघतात. निरोगी माणसाला पांढरं, वाहकाला पिवळं, रोग्याला लाल. आणि हा कोहमाऱ्याचा धडधाकट वेल्डर पांढरं कार्ड घेऊन लाल कार्डवाल्यांत उभा!

"हे लाईन लाल कार्डाची होय गा," ती म्हणाली.

"मले लहान दिसली म्हून लागलो." मग तिच्या हातातलं लाल कार्ड दिसलं, तसा तो घुटमळला... "आता हटू का?"

"कोनी धरून ठेवलं का?"

"तसंच समज."

आणि पठ्ठ्या खरंच हटला नाही.

पुढचे दोन हिवाळे किती गोड गेले! बाकीची पोरं गजरे आणत. हा बाजारात गाठून विचारायचा, "पानी पेली का?" पाणी कमी पडलं की तिचे सांधे ठणकत, हे त्यानं कुठूनतरी शिकून घेतलं होतं. ती वैतागल्यासारखं करायची आणि मनातून सुखावायची. पण प्रेमाचं मात्र... दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही.

मग तो वेल्डिंगच्या कामाला न्यूझीलंडला गेला. तीन वर्षांनी तिथंच कायम राहण्याचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा नागपूरच्या एजंटनं सांगितलं की बायकोचीही तपासणी होते, आणि तिला असा जन्माचा आजार असला तर नवऱ्याचाही अर्ज अडकू शकतो. त्यानं ते फोनवर सांगताच खुशबूनं बजावलं होतं, "माह्यं नाव नको लिवू. एकटाच आहो म्हन."

"पाहतो," एवढंच तो म्हणाला होता.

आज दुपारी ती शिलाई मशीनवर गिऱ्हाईक सुमित्राबाईंच्या साडीला फॉल लावत होती, तेव्हा त्याचा फोन आला.

"अर्जाले नाई म्हनले," तो म्हणाला.

"काऊन? तू तं एकटा..."

"नात्याचा रकाना होता. मी लिवलो — होनारी बायको. मंग तुही तब्येत विचारली. तेई खरी सांगितलो."

तिचं मशीन थांबलं. तिला आधी रागच आला. "तीन वर्साची मेहनत माह्यापायी गेली. उद्या तूच बोलशील मले."

"नाई बोलनार. घर तं दोघायचंच कराचं होतं. एकट्यानं राहून काय करू तिथं?"

तिनं फॉलचा दोरा तोडला. मग म्हणाली, "मले नाई विचारला, आन परक्या सरकारले सांगून बसला?"

"त्यायनं विचारलं... तू कधी विचारलीच नाई."

"आता विचारून राहिली."

"मंग होय म्हनतो. पुढच्या महिन्यात येऊन राहिलो."

सुमित्राबाई समोरच बसल्या होत्या, कान टवकारून. खुशबूनं त्यांची पर्वा केली नाही. डोळे पुसत तिनं त्याला सरळ सांगितलं, तो गेला त्या दिवसापासून ती रोज त्याची वाट बघत होती.