दुपारचा ओव्हर

हे खरं घडलंय. शपथ घेतली असती, पण माझ्या शपथेवर आमच्या घरात कुणी अर्धा कप चहासुद्धा देत नाही.

शिवाय आमच्याकडे भूत मानत नाहीत. वडिलांनी धम्म स्वीकारला त्याच दिवशी भुताखेतांना निरोप दिला. भुतांपर्यंत तो पोचला नसावा.

भयकथा रात्री घडावी अशी वाचकांची अपेक्षा असते. माफ करा. ही भर दुपारी घडली. मे महिन्यातला रविवार, बाहेर डांबर वितळेल असं ऊन.

जागा म्हणाल तर बेव्हर्ली पार्कजवळचं एक खासगी हॉस्पिटल. नाव सांगत नाही. बाहेरून लग्नाचा हॉल वाटतो. तिसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड.

तिथं माझी भाची संघप्रिया स्टाफ नर्स होती.

बहिणीची मुलगी, परभणीची. नर्सिंग करून इकडे आली आणि भाईंदरला आमच्याकडे राहू लागली. आली तेव्हा जेवताना पेशंटच्या गोष्टी सांगायची, हसवायची. पुढे पुढे जेवताना झोपायला लागली.

वॉर्डात दोन सिस्टर हव्यात. होती ही एकटी. दुसरी सोडून गेली होती. तिच्या जागी एक आली, तिनं वॉर्ड बघितला, पाणी प्यायली आणि गेली. मग जी उरते तिला डबल ड्युटी. डॉक्टर ओरडतात, नातेवाईक ओरडतात, पेशंट ओरडतात. पेशंटला निदान दुखत तरी असतं.

एके दिवशी ती म्हणाली, "मामा, मी राजीनामा दिला. नर्सच राहायचं नाही मला. परभणीला साडीच्या दुकानात बसेन. साडी अचानक सिरियस होत नाही."

तो रविवार तिचा शेवटचा दिवस. संध्याकाळी काशीमिऱ्याहून परभणीची गाडी होती. तिला न्यायला मी दुपारी वर गेलो.

आता एक नियम सांगतो. तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

नर्स ड्युटी संपली म्हणून उठून जात नाही. पुढची सिस्टर आली की तिला खाटे-खाटेपाशी नेते. या बाईला काय झालंय, सलाईन कधी संपेल, कोण रडतंय, कोण खोटं रडतंय. याला ओव्हर देणं म्हणतात. समोरची "घेतला" म्हणाली, की मग पेशंट तिच्या. तोवर हिच्या. मग छत कोसळलं तरी.

मी पोचलो तेव्हा मेट्रन मिनल मॅडम दारातच होत्या.

"मॅडम, रिलिव्हर कोण आहे?" संघप्रियानं विचारलं.

"कोणी नाही. दुपारवाली आली नाही, फोन बंद. तूच कंटिन्यू कर."

"मी कालपासून इथंच आहे मॅडम. आज माझा लास्ट डे आहे."

"मग जा ना. अडवलंय कोणी? वॉर्ड उघडा टाकून जा. कुणाला काही झालं तर तुझ्या नावावर. पोलीस परभणीलाही येतात, त्यांना ॲलर्जी नाही."

मॅडम गेल्या. संघप्रिया टेबलाला टेकून उभी राहिली. डोळे उघडे होते, पण ती झोपली होती.

मी बाकावर बसलो.

आणि मग... आवाज कमी होत गेले.

आधी कोपऱ्यातल्या बाईचं कण्हणं थांबलं. मग मोबाईलवर मालिका बघणाऱ्या एका पेशंटच्या सुनेनं आवाज बंद केला, कुणी न सांगता. पंखा फिरत होता, पण त्याची करकर ऐकू येईना.

एकच आवाज उरला.

वॉर्डाच्या टोकाला बेसिन होतं. तिथं नळ सुरू झाला होता.

कुणीतरी हात धूत होतं...

खूप वेळ धूत होतं.

नळ बंद झाला आणि एक सिस्टर आत आली. सगळ्यांचा असतो तोच गुलाबी ड्रेस. तोंडाला मास्क. मी तिला बघितलं. हे दोनदा सांगतो, कारण पुढे बरेच लोक नाही म्हणणार आहेत. मी तिला बघितलं.

हातांचं कातडं पांढरं, सुरकुतलेलं, पाण्यात दिवसच्या दिवस राहिल्यासारखं. बोटांवरून पाणी गळत होतं. फरशीवर मात्र थेंब नव्हता.

"दे ओव्हर," ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, संघप्रियानं तिला कोण, कुठली विचारायला नको? अहो, तिथं दर आठवड्याला नवा चेहरा. ओळख होईपर्यंत मुलगी सोडून जायची. नाव विचारायची पद्धतच उरली नव्हती. भूत व्हायला याहून सोयीची नोकरी नाही.

दोघी खाटे-खाटेपाशी गेल्या. संघप्रिया सांगत होती, ती दुसरी मान हलवत होती. ज्या खाटेपाशी जात, ती बाई भिंतीकडे तोंड फिरवायची.

शेवटची खाट खिडकीजवळ. तिथं तारोडीच्या तुळसाबाई होत्या. दम्याच्या, तोंडाच्या फटकळ. त्याही गप्प.

"घेतला," सिस्टर म्हणाली.

मी बॅग उचलली. सुटली पोरगी.

"आता माझा घे..." सिस्टर म्हणाली.

तुळसाबाईंच्या पलीकडे रिकामी जागा होती. पूर्वी तिथं एक खाट असावी. आता नुसती फरशी, आणि भिंतीवर बेलचं बटण तेवढं राहिलेलं. सिस्टर तिथं जाऊन उभी राहिली आणि खाली बघत बोलू लागली, सगळ्याच सिस्टर बोलतात तशा सुरात.

"ही माझी पेशंट. खात नाही. झोपत नाही. घरी जायचंय म्हणते..."

ती थांबली.

"जाऊ द्यायचं नाही."

मी उठलो. तुळसाबाईंनी मान वळवली. "पोरी, काय मान हलवतंस? तिथं कोन न्हाय. हो बोलू नको तिला."

पण सतत ड्युटी केलेल्या नर्सला नाही म्हणायची सवय नसते. सवय होऊच देत नाहीत. समोरून ओव्हर आला की तोंड आपोआप बोलतं.

"बरं सिस्टर," संघप्रिया म्हणाली. "घेतला."

सिस्टरनं दोन्ही हात वर करून बघितले. उलटसुलट.

ते कोरडे होते.

मग ती माझ्या शेजारून बाहेर गेली. चपलांचा आवाज आला नाही. मास्कच्या आड ती हसत होती असं मला वाटलं. नसेलही. मास्कमुळे फार गैरसमज होतात.

करकर परत सुरू झाली. कोपऱ्यातली बाई कण्हू लागली.

"चल," मी म्हटलं. "गाडी चुकेल."

आम्ही जिन्यापर्यंत आलो.

ट्रिंग...

संघप्रिया थांबली. "एक मिनिट मामा. पेशंट बोलवतेय."

"कुठली पेशंट? ओव्हर दिलास ना?"

ती आत गेली. परत आली. पुन्हा जिना.

ट्रिंग...

या वेळी मी तिच्या मागे गेलो. खाटेवरच्या सगळ्या बायका आपापली बटणं सोडून चादरीत हात लपवून बसल्या होत्या. आवाज रिकाम्या जागेतून येत होता. तिथलं बटण आत दाबलेलं होतं. मी ते नखानं ओढून बाहेर काढलं.

बटण ओलं होतं.

मी बघत असताना ते हळूच... परत आत गेलं.

गाडी गेली. तिकिटाचं सोडा. मी दंड धरून तिला ओढलं, पण साठ किलोची माझी भाची जागची हलली नाही. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "सोडा मामा. वॉर्ड उघडा टाकता येत नाही."

संध्याकाळी मिनल मॅडम आल्या.

"अरे, गेली नाहीस? गुड."

"मॅडम," मी म्हटलं, "दुपारी जी सिस्टर आली होती..."

"कोणी आलं नाही आज."

"इथं कधी कुणी सिस्टर... वारली होती का? खिडकीजवळ?"

मॅडमनी मला आपादमस्तक बघितलं. "काका, आमच्याकडे साधी रजा मंजूर होत नाही. मरायला कोण देतं?"

तुळसाबाईंनी त्याच संध्याकाळी सुट्टी मागून घेतली. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "तिचे हात बगितलेस? आता तुझ्या पोरीचे बग."

मी बघितले...

तेव्हापासून संघप्रिया तिथंच आहे. राजीनामा मागे घेतला. घरी येते, आंघोळ करते आणि केस वाळायच्या आत परत जाते. झोपत नाही. बायकोनं केलेली आवडीची मेथी ताटात तशीच. बोलताना मध्येच मान तिरकी करते, काहीतरी ऐकल्यासारखी. हॉस्पिटल खूश आहे. तिला उत्कृष्ट सेविका म्हणून शाल दिली. तिचा फोटो खाली काउंटरवर लावलाय. फोटोत हात दिसत नाहीत.

मी एकदा रिकाम्या जागेसमोर उभा राहून म्हटलं, "माझ्याकडे द्या. मी घेतला." मोठ्यानं म्हटलं. सगळा वॉर्ड बघत होता.

काही झालं नाही. संघप्रिया शांतपणे म्हणाली, "तुम्ही स्टाफ नाही ना मामा."

म्हणजे तिकडेही शिक्षण बघतात.

आज डबा द्यायला गेलो तर जिन्यात एक नवी मुलगी भेटली. संचिता. चिपळूणची, नुकतीच पास झालेली. गणवेशाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"काका, तुम्ही संघप्रियादीदींचे मामा ना? किती चांगल्या आहेत हो त्या. इथं सगळे नुसते ओरडतात. त्या एकट्याच समजावून सांगतात. उद्या दुपारी माझा पहिला ओव्हर आहे. म्हणाल्या, घाबरू नको, एकेक खाट दाखवते. तू फक्त हो म्हणत जा."

मी तोंड उघडलं.

वरच्या कठड्यावरून संघप्रिया वाकून बघत होती. माझ्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत झोप दिसत होती, गाढ झोपायच्या आधी येते तशी.

"चांगलीच आहे ती," मी म्हटलं. "लहानपणापासून."

संचिता हसली आणि वर गेली.

घरी येऊन हे लिहायला बसलोय. त्या मुलीचा नंबर माझ्याकडे नाही. हॉस्पिटलचा आहे. फोन समोर टेबलावर आहे, मघापासून.

त्यावरून एकच फोन केला, परभणीला, बहिणीला. म्हटलं, अंथरूण घालून ठेव. पोरगी उद्या निघेलसं वाटतंय.