डावखुऱ्याची बंदूक

आखातातल्या रास अल खैमाला मी सुतारकाम करत होतो तेव्हाची ही गोष्ट. सत्त्याण्णव साल असेल, नाहीतर अठ्ठ्याण्णव. आमचं वर्कशॉप सिमेंटच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आम्ही दारं, किचनची कपाटं, मजलिसमधली, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतली बाकं करायचो. पॅट्रिक म्हणून वसईचा एक जण आमचा सुपरवायझर होता. लायसन्स त्याच्याकडेच, त्यामुळे माप घ्यायला जायचं असलं की पिकअप तो चालवायचा आणि मी टेप, गुण्या घेऊन शेजारी बसायचो.

ऑगस्टमधल्या एका सकाळी तो म्हणाला, "चल दत्ताराम, डोंगराकडे एक घर आहे. अरबाबला बंदुकांसाठी कपाट हवंय."

"बंदुकांसाठी?"

"शौक आहे रे त्याचा. जुन्या बंदुका जमवतो. आपल्याला काय, कपाट ते कपाट."

शहर मागे पडलं तसा रस्ता ओसाड झाला. शेवटी उरली ती करड्या दगडांची कोरडी वाडी, म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारी नदी, आणि तिच्या काठावर एकटं पांढरं घर. वाडीपलीकडे बकऱ्यांचा एक पडका दगडी गोठा होता आणि त्याच्या मागे थेट डोंगर उभा. झाड म्हणून नाही.

अरबाब सालेम (तिकडे मालकाला अरबाब म्हणतात) दारातच उभा होता. साठीचा, फौजेतून निवृत्त झालेला, ताठ माणूस. पोरंबाळं उन्हाळ्यासाठी बाहेरदेशी गेलेली. घरात तो आणि त्याचा हैदराबादी स्वयंपाकी अलीमियाँ, दोघंच. अरबाबला हिंदी चांगली यायची, बरीच वर्षं हिंदुस्थानी माणसं हाताखाली असल्यामुळे.

बंदुकांची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. आत गेल्या गेल्या वास आला. तेल, ऊद आणि जुनं लाकूड. भिंतींवर खुंट्यांना बंदुका टेकवलेल्या होत्या आणि समोर मोठी खिडकी, वाडीकडे उघडणारी.

मला बंदुकांचं काही अप्रूप नव्हतं. आमच्या गावी शेजाऱ्याकडे डुकरांसाठी ठासणीची एक बंदूक होती, तेवढीच काय ती पाहिलेली. पण अरबाब सांगायला लागला आणि मी हातातलं माप विसरून ऐकत राहिलो.

"अबुधाबीला माझा एक दोस्त आहे," तो म्हणाला. "तो फक्त चांदीचं काम केलेल्या बंदुका घेतो. बायको दागिने घेते तशा. शारजाचा दुसरा, त्याला एकदाही न उडवलेली, खोक्यातली जर्मन बंदूक हवी असते. हात लावला तर ओरडतो. मला तसली नको. ज्या बंदुकीत कुणी राहिलंच नाही, ती घेऊन काय करू?"

त्यानं एक बंदूक खाली काढली. दस्ता मधोमध चिरलेला आणि तांब्याच्या तारेनं आवळून बांधलेला. ती त्याच्या वडिलांची.

"याला पॉलिश मारून देतो, अरबाब. नव्यासारखा दिसेल," मी म्हणालो.

त्यानं बंदूक चटकन मागे घेतली. "हा काळा डाग दिसतो? माझ्या बापाच्या हाताचा घाम आहे."

त्याची निवडायची रीत वेगळीच होती. किंमत विचारायचा नाही, साल विचारायचा नाही. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची. आधीच्या मालकाच्या गालानं दस्त्याचं लाकूड जिथं झिजलेलं असतं, तिथं आपला गाल आपोआप जाऊन बसला, तर घ्यायची. नाही बसला तर परत. "नळी सगळ्यांची सारखीच," तो म्हणाला. "माणूस लाकडात राहतो."

पॅट्रिक लाकडाचे नमुने आणायला पिकअपकडे गेला. मी मापं घ्यायला लागलो. थोड्या वेळानं मान वळवली तर अरबाब माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. पेन्सिल धरलेल्या हाताकडे.

"तू डावरा आहेस," तो म्हणाला.

"हो. लहानपणापासून."

तो कोपऱ्यात गेला. तिथं घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. घोंगडी सोडली तर आत एक जुनी मार्टिनी रायफल निघाली, लांब, जड, ओमानच्या डोंगरातले लोक वापरायचे तसली. दस्त्यावर गालाची झीज उजव्या अंगाला होती. म्हणजे ज्याची होती तो ती डाव्या खांद्याला लावायचा.

"ही ओमानला, निझव्याच्या बाजारात घेतली," अरबाब म्हणाला. आवाज उतरला होता. "माझ्या गालाला बसत नव्हती. तरी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. खाली ठेववेना... तूच सांग मला काय ते. रिकामी आहे. धर. नेम धर, खिडकीतून बाहेर."

मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? धरली. ती डाव्या खांद्यावर अशी येऊन बसली की जणू माझ्याच मापानं बनवली होती. गाल खोबणीत गेला. लाकूड मऊ होतं, कोमट होतं. तंबाखूचा वास आला, नुकत्याच ओढलेल्या. मी उजवा डोळा मिटला आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी पलीकडच्या डोंगरावर धरली.

माशीच्या टोकावर एक माणूस उभा होता.

पडक्या गोठ्याच्या मागे. मळकट कपडे, डोक्याला फडकं, हात खाली सोडलेले. भर उन्हात उभा, माझ्याकडे तोंड करून. मी बंदूक खाली घेतली. गोठा होता, दगड होते, ऊन होतं. माणूस नव्हता.

"कहाँ तक आया?" अरबाबनं विचारलं.

"गोठ्याच्या... मागे."

अरबाब मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय. पण हात काढले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही," तो म्हणाला. "मुलाला दाखवली, त्याला काही दिसलं नाही. अलीमियाँनं उचलली आणि तेव्हापासून तो या खोलीत येत नाही, पण काय पाहिलं ते सांगत नाही. मलाही पहिल्या दिवशी तो गोठ्यामागेच दिसला. जितक्या वेळा बघावं तितका पुढे येतो. आता माझ्या फाटकाशी आहे."

"मग बघता कशाला, अरबाब?"

"न बघून कळणार कसं, कुठे पोचला ते?"

विकणाऱ्याला परत द्यायला गेलो तर त्यानं दुकानाचं दार लावून घेतलं, असं अरबाब म्हणाला. टाकून द्यायची तर कुणाच्या तरी हाती लागणार. म्हणून कपाट. बाकी बंदुकांना काचेची दारं आणि या एकीला वेगळा खण, जाड सागवानी दाराचा, कुलपाचा. किल्ली तो आपल्या भावाकडे देऊन टाकणार होता. स्वतःपासून लपवायची होती त्याला ती बंदूक.

पॅट्रिक नमुने घेऊन आला तेव्हा बंदूक पुन्हा घोंगडीत, कोपऱ्यात गेली होती. परतताना त्यानं विचारलं, "काय रे, चेहरा असा का?" मी म्हणालो, ऊन लागलं.

वर्कशॉपमध्ये आल्यावर वाटलं, संपलं. कामाला लागलो. सागवानाची फळी रंधली आणि ती सरळ झाली का बघायला उचलली. फळीची धार कशी बघतात ठाऊक आहे ना? एक टोक डोळ्याशी धरायचं, दुसरा डोळा मिटायचा आणि कडेवरून नजर टाकायची. सगळे सुतार तसंच करतात. मी नजर टाकली.

फळीच्या पलीकडच्या टोकाला, वर्कशॉपच्या गेटाबाहेर, तो उभा होता.

फळी हातातून सुटली, पायावर पडली असती. "अरे, संभाल के!" शेजारचा कारागीर ओरडला. मी गेटाकडे पाहिलं. रस्ता रिकामा. पुन्हा काही मी फळी डोळ्याला लावली नाही. उरलेलं सगळं काम पट्टीनं आणि दोरीनं केलं. सोबतचे हसायचे, सुतारानं नजर गमावली म्हणायचे. हसू देत. एकटा असलो की उजवा डोळा नुसता मिटायचीही भीती वाटायची. मशिनचा भुसा डोळ्यात गेला तरी मी दोन्ही डोळे एकदम मिटायचो.

कपाट तयार झालं. प्रत्येक दार मी स्वतः लावून बघितलं. सागवानी खणाचं दार तर असं बसलं होतं की कागद जाईना.

नेऊन बसवायच्या दिवशी दुपारीच धूळ उठली. आधी डोंगर दिसेनासा झाला, मग वाडी, मग फाटक. आकाश तपकिरी झालं आणि घरात दिवे लावावे लागले. थोड्याच वेळात तेही गेले. एसी बंद पडला आणि इतका वेळ त्याची घरघर होती हे तेव्हा कळलं. आता फक्त खिडकीच्या काचेवर वाळूचा आवाज. कुणीतरी बोटं फिरवावीत तसा.

कपाट भिंतीला बसवून आम्ही घाम पुसत होतो. घोंगडीतली बंदूक कोपऱ्यात तशीच होती. मी तिच्याकडे पाठ करत नाही हे पॅट्रिकच्या लक्षात आलं.

"काय आहे त्याच्यात?"

"राहू दे, पॅट्रिक."

"अरे यार, बघू तर दे." मी पुढे होईपर्यंत त्यानं घोंगडी सोडलीसुद्धा. अरबाब दाराशी होता. तो "ला, ला!" म्हणजे नको, नको म्हणून ओरडला, पण पॅट्रिकनं बंदूक उचलली होती. तो उजव्या हाताचा माणूस. तरी त्यानं ती डाव्या खांद्याला लावली. का, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. खिडकीत नुसती धूळ, म्हणून तो गमतीनं वळला आणि खोलीतच नेम धरला. कपाटावर, मग दारावर, मग माझ्या बाजूला. आणि थांबला.

"दत्ता..." तो हळू म्हणाला.

"खाली ठेव ती."

"दत्ता, हलू नकोस... तुझ्या मागे कोण आहे?"

मी हललो नाही. मला हलताच आलं नाही. तंबाखूचा वास आला, मानेजवळ.

"कुठे बघतोय तो?" अरबाबनं विचारलं. आवाज कोरडा पडला होता.

"माझ्याकडे नाही..." पॅट्रिक म्हणाला. "तुमच्याकडे पण नाही. ह्याच्याकडे बघतोय. ह्याच्या हाताकडे."

पुढचं सगळं झटक्यात झालं. अरबाबनं पॅट्रिकच्या हातातून बंदूक हिसकावली आणि मागच्या दारानं बाहेर पडला. दार उघडताच धूळ आत घुसली. त्याचा पांढरा पायघोळ कंदुरा, अरबी झगा, दोन-चार पावलं दिसला, मग तोही नाही. आम्ही हाका मारल्या. अलीमियाँ स्वयंपाकघरातून धावत आला, उंबऱ्यापाशी थांबला आणि आत पाऊल न टाकता म्हणाला, "जाने दो। बुलाओ मत।"

आम्ही वाट बघत बसलो. पॅट्रिक गळ्यातला क्रूस मुठीत धरून पुटपुटत होता. मी भिंतीला पाठ लावली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वाळूचा आवाज कमी झाला, खिडकी पिवळी पडली, मग उजेडाची झाली.

वाडीतून अरबाब चालत येताना दिसला. डोक्यावरचं फडकं उडालेलं, पापण्यांवर धूळ. हात रिकामे.

"दे दिया," तो म्हणाला. "उसने हाथ बढ़ाया, मैंने दे दिया। खलास."

त्याच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की मीही भिंतीपासून पुढे झालो. पॅट्रिक हसायलाच लागला, तसलं रडण्यासारखं हसू. अलीमियाँनं चहा आणला आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा खोलीच्या आत आला. दिवे आले. एसी घरघरला. आम्ही बंदुका एकेक करून कपाटात लावल्या. वडिलांची, ती तांब्याच्या तारेची, अरबाबनं स्वतः मधोमध ठेवली. सगळी काचेची दारं अलगद बसली.

उरला सागवानी खण. त्याचं आता काम नव्हतं, पण बसवलेलं दार उघडं कसं ठेवायचं? मी ते लोटलं. बंद होईना. दोन बोटं अंतर राहिलं. बिजागरी बघितली, ठीक होती. पुन्हा लोटलं. पुन्हा तेवढंच येऊन थांबलं. आत काहीतरी अडावं तसं.

मागून सगळे बघत होते. मी दार पूर्ण उघडलं. आत हिरवी मखमल, मीच डकवलेली. रिकामा खण. तरीही चाचपून बघावं म्हणून हात आत घातला.

"क्या है?" अरबाबनं विचारलं.

मी हात बाहेर काढला. "काही नाही, अरबाब. दमट हवेनं लाकूड फुगलंय. पुढच्या आठवड्यात येऊन थोडं रंधून देतो."

मी पुन्हा त्या घरी गेलो नाही. महिन्याभरात नोकरी सोडली आणि गावी आलो.

लाकूड फुगलेलं नव्हतं. त्या खणात माझा डावा हात कुणीतरी धरला होता. ओळखीच्या माणसानं गर्दीत धरावा तसा, सावकाश. आणि तो सोडवून घेताना मला जोर लावावा लागला होता.