चार्जिंग शेडमधलं उत्तर

ही घटना खरी आहे. मी तिथे उभा होतो. ज्यांना पटणार नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, गोल्फच्या मैदानावर गाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळतात. चार्ज होताना बॅटऱ्यांतून गॅस सुटतो. तो शेडमध्ये साचला, तर स्फोटाला प्लग उपसतानाची एक ठिणगी पुरते. म्हणून भिंतीतला मोठा पंखा सतत फिरत ठेवावा लागतो.

गाड्यांच्या रांगेत वाकलं की तो दिसत नाही. त्यामुळे तिथली एक पद्धत आहे. चार्जरचा प्लग उपसण्याआधी एकाने विचारायचं, "पंखा?" मागच्या रांगेतल्या जोडीदाराने बघून सांगायचं, "चालू."

ही शिस्त भाऊजींच्या जुन्या जोडीदाराने, मास्तरांनी लावली. शाळेत कधी शिकवलं नाही, पण सगळ्यांना शिकवत सुटायचे, म्हणून मास्तर. गेल्या वर्षी त्याच शेडमध्ये स्फोट होऊन ते गेले. एकटेच होते. माळी म्हणायचा, "मी बाहेरून ऐकलं. त्यांच्याच आवाजात प्रश्न, त्यांच्याच आवाजात उत्तर."

आम्ही म्हणायचो, एकटा माणूस, बोलला असेल स्वतःशी.

त्या रविवारी संध्याकाळी मी भाऊजींना घरी न्यायला गेलो. त्यांचा नवा जोडीदार फाटकापाशी चहा पीत होता.

"जा आत. तुमचे भाऊजी बॅटऱ्यांशी संसार करतायत."

मी शेडच्या दारात पोचलो. चार्जरची घरघर... बॅटऱ्यांमधली हलकी खदखद...

काहीतरी कमी होतं. काय, ते कळेना.

भाऊजी पाठमोरे वाकले होते. हात प्लगवर.

"पंखा?"

मागच्या रांगेतून शांतपणे उत्तर आलं...

"चालू."

मी वर पाहिलं.

पाती स्थिर होती.

"भाऊजी, हात काढा. पंखा बंद आहे."

"अरे, तो आत्ता म्हणाला ना."

"तो फाटकापाशी चहा पितोय."

त्यांनी हात अलगद मागे घेतला. "आतल्या कुठल्याच बटणाला शिवू नकोस. बाहेरच्या पेटीतून वीज तोड."

मी बाहेर धावलो, खटका खाली ओढला. घरघर थांबली.

आणि त्या शांततेत, वीज नसलेल्या शेडमध्ये, पुन्हा...

"चालू."

घोगरा आवाज. ताईकडे जेवायला आलेल्या मास्तरांचा मी कितीदा ऐकलेला.

मी दारातून डोकावलो. मागच्या रांगेत कोणी नव्हतं.

पंख्याची तार जळाली होती म्हणे. ती बदलली. नोकरी सोडा म्हणून ताईने जिवाचं रान केलं. भाऊजींचं एकच, "या वयात मला दुसरं काय येतंय?"

आता ते कुणाला विचारत नाहीत. प्रत्येक प्लगआधी स्वतः जाऊन पंखा बघून येतात.

तरी उत्तर येतं.

परवा मी पुन्हा त्या दारात थांबलो होतो. भाऊजी समोर उभे, ओठ मिटलेले. मागच्या रिकाम्या रांगेतून आलं...

"चालू."

आवाज मास्तरांचा नव्हता.

भाऊजींचा होता.