बुधवारी उघडलेलं कपाट

सकाळी दहाच्या सुमारास तो माणूस ताईंच्या दारात उभा राहिला आणि आत यायच्या आधीच म्हणाला, "संध्याकाळी पाच वाजता माझे वडील पोलिसांत जाणार आहेत. मी चोर आहे, हे सांगायला."

ताईंनी खुर्ची पुढे सरकवली.

ताईंनी पूर्वी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात तीस वर्षं घालवली होती. निवृत्त झाल्यावर चौकशीचं तेच काम त्या घरून, लोकांसाठी करू लागल्या. त्यांच्यासोबत असत मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. माणूस लाख मोलाचा, पण डोक्याची गाडी पॅसेंजर, प्रत्येक स्टेशनवर थांबणार. वही मात्र तेच लिहायचे, कारण अक्षर मोत्यासारखं होतं.

"चोरीला काय गेलं?"

"बाबांचं पिस्तूल. नेमबाजीचं, परवान्याचं. काल, बुधवारी सकाळी त्यांनी कपाट उघडलं तर पेटी रिकामी. कुलूप शाबूत."

"चावी?"

"त्यांच्या गळ्यात असते. फक्त आंघोळीला जाताना काढून न्हाणीघराबाहेर खिळ्याला लावतात. घरात आम्ही तिघंच. बाबा, मी आणि बायको. आई तीन आठवड्यांपूर्वी गेली." तो ग्रंथपाल होता, आणि हे सगळं पुस्तकांची यादी वाचावी तसं सांगत होता. "आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी म्हणालो, आता तरी ते विकून टाका. शब्दाला शब्द वाढला. म्हणून आळ माझ्यावर."

ताईंनी एकदम विचारलं, "तुम्हाला पिस्तूल बाळगायला आवडेल?"

"मला?" तो कडवट हसला. "नऊ वर्षांचा असताना एकदा हात लावला होता. बाबांनी मुस्काटात दिली. जन्मात तेवढं एकदाच मारलं. तेव्हापासून वाटायचं, या घरात दोन मुलं आहेत आणि लाडकं कपाटात असतं." मग तो म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ दे, ताई. पण आई गेली, आणि आता बाबाही मला... तिच्यासाठी ते अजून रडलेसुद्धा नाहीत. नुसते बसून असतात."

मास्तरांनी उगाच पेन्सिलीला टोक काढलं.

त्याच्या वडिलांची खोली मोठी होती. एका भिंतीला पलंग, पलीकडे लोखंडी कपाट, मधे टेबल. खिडकीपाशी पायाचं शिवणयंत्र, त्यावर लाकडी झाकण, आणि समोर भिंतीवर माणसाएवढा आरसा. गेलेल्या बाई शिवणकाम करायच्या. गिऱ्हाईक त्या आरशात कपडा घालून बघायचं.

म्हातारा ताठ बसला होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोटं अजून स्थिर होती, डोळे कोरडे ठणठणीत.

"माझ्या मुलाने तुम्हाला आणलंय," तो म्हणाला. "चोराच्या उलट्या बोंबा."

ताईंनी ते ऐकून घेतलं आणि त्यालाही तसाच प्रश्न केला. पिस्तूल का आवडतं?

म्हातारा चमकला. हे त्याला बहुधा कुणी विचारलंच नव्हतं.

"लोकांना वाटतं, ताकदीसाठी. तसं नाही हो. नेम धरून श्वास रोखला की डोकं गप्प होतं. दुकानात दिवसभर शंभर घड्याळांची टिकटिक आणि गिऱ्हाइकांची कटकट. त्या दोन क्षणांत काही नसतं. शिवाय इतकं नेमकं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. कागदाच्या निशाणाशिवाय कशावरही गोळी झाडली नाही मी."

"आणि तुमच्या पत्नीला?"

"तिला चीड होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी या टेबलावर पिस्तूल साफ करायचो. ती तिथे मशीनवर, माझ्याकडे पाठ करून शिवायची. चाळीस वर्षांत एकदा वळून पाहिलं नाही."

"काल कपाट कशाला उघडलंत?"

"सफाईला. तिच्या आजारपणात तीन महिने राहून गेली होती. बोटाचा घाम लागला तरी लोखंड गंज धरतं. तेल लावून कोरड्या सुती कापडात ठेवावं लागतं."

ताईंनी कपाट पाहिलं. पिस्तुलाची पेटी रिकामी. शेजारी गोळ्यांचा डबा, भरलेला. खालच्या कप्प्यात सळई, ब्रश आणि तेलाची बाटली. बाटलीवरून ताईंनी बोट फिरवलं, तर बोट धुळीनं माखलं.

टेबलावर कागदांची चळत होती. घराचे कागद, विम्याचे कागद, विजेचं बिल. प्रत्येकावर बारीक अक्षरात चिठ्ठी, आणि सगळ्यांवर म्हाताऱ्याचं मनगटी घड्याळ.

"काय शिस्त आहे!" मास्तर म्हणाले. "नाहीतर आमचं घर."

ताई खिडकीकडे गेल्या.

"मशीनला हात लावायचा नाही!" म्हातारा ओरडला. पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "कुणीही लावायचा नाही."

"नाही लावत. स्टुलावर बसते फक्त."

त्या बसल्या. झाकणावर तीन आठवड्यांची धूळ होती, सगळीकडे सारखी. त्यांनी मान वर केली, समोर बघितलं आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

"घर शोधलंत?" त्यांनी विचारलं.

"सगळं पालथं घातलं."

सून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"मला नको बाई पिस्तूल," ती म्हणाली. "भीतीही नव्हती आणि कौतुकही नव्हतं. कपाटातलं लोखंड, झालं. सासूबाई मात्र म्हणायच्या, ती माझी सवत आहे." बोलता बोलता तिचे डोळे भरले. "शेवटी शेवटी लहान मुलासारखं झालं होतं त्यांचं. सुई धरवत नव्हती आणि म्हणे, मशीनचं तेल संपलंय, आण. आणून दिलं. मग एक दिवस सकाळी पलंग आणि कपाटाच्या मधे पडलेल्या दिसल्या. बाबा आंघोळीला गेले होते. मला म्हणाल्या, पाणी प्यायला उठले. मला तर भरून आलं."

"पाणी कुठे ठेवायचात?"

"त्यांच्या उशाशी, स्टुलावर."

शेवटी ताई आणि मास्तर म्हाताऱ्याच्या नेमबाजी क्लबातल्या मित्राकडे गेले. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, आणि मिशा अशा, की दुकानाची पाटी नसती तरी चाललं असतं.

"खरं सांगू?" मिशीवाले म्हणाले. "पिस्तूल हातात असलं की मी सव्वापाच फुटांचा राहत नाही. म्हणून आवडतं. त्याचं मी तीनदा मागितलं. नाही म्हणाला. पण मंगळवारी स्वतःहून आला. गोळीचा आवाज अडवायला कानावर लावायचे माझे पट्टे बारा वर्षांपूर्वी नेले होते, ते परत केले. वर आपलं पहिलं पदक मला देऊन गेला. म्हटलं, अरे हे कशाला? तर म्हणाला, तुझ्याकडे असू दे."

रस्त्यावर आल्यावर मास्तरांनी वही मिटली. "सापडला. तीनदा मागितलं, मिळालं नाही. घरात जाणं-येणं आहे. पदक उकळलं, पिस्तूलही उचललं असणार."

"मास्तर, तुम्हाला आवडेल का हो पिस्तूल?"

"भिंतीवर छान दिसेल," मास्तर म्हणाले.

"मलाही वाटायचं तसं. आज नाही वाटत," ताई म्हणाल्या आणि भराभर चालू लागल्या.

पावणेपाच वाजता सगळे त्या खोलीत जमले. म्हातारा बाहेर जायच्या कपड्यांत तयार होता. मुलगा दाराशी, सून त्याच्यामागे.

"तुमच्या मुलाने चोरी केलेली नाही," ताई म्हणाल्या. "पण त्याआधी मला दुसरंच काही विचारायचंय. तुम्ही काल सफाईसाठी कपाट उघडलं नव्हतं. तुमचा दिवस रविवारचा, आणि काल बुधवार होता. सफाईचं सामान तुम्ही बाहेरही काढलं नाही. तेलाच्या बाटलीवर धूळ तशीच आहे."

म्हाताऱ्याने कपाटाकडे पाहिलं.

"पदक देऊन टाकलंत. बारा वर्षांपूर्वीची उसनी वस्तू परत केलीत. घराचे कागद चिठ्ठ्या लावून ठेवलेत, म्हणजे मागच्यांना शोधत बसावं लागू नये. आणि मग कपाट उघडलंत."

"बाबा?" मुलगा म्हणाला.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "घर खायला उठतं रे," तो हळूच म्हणाला. "शंभर घड्याळं बंद पडल्यासारखं वाटतं. आणि ते पिस्तूल मिळालं नाही, तेव्हा तुझा इतका राग आला, की... आता तेसुद्धा माझ्या हातात नाही, असं वाटलं."

सून भिंतीला टेकून रडू लागली. ताई म्हाताऱ्याकडे वळल्या.

"हे तुमच्या आधी एका माणसाला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "चोराने गोळ्या नेल्या नाहीत. म्हणजे त्याला पिस्तूल विकायचंही नव्हतं आणि वापरायचंही नव्हतं. ते फक्त तुमच्यापासून दूर न्यायचं होतं. चावी तुमच्या गळ्यातून निघते ती आंघोळीच्या वेळी. त्याच वेळी एक बाई, जिला पलंगावरून उठवत नव्हतं, काम उरकून पलंगाकडे परतताना कपाटापाशी पडलेली सापडली. पाण्यासाठी उठले म्हणाली. पाणी तर उशाशी होतं."

"नाही," म्हातारा म्हणाला. "ती त्याला हात लावणं शक्य नाही. तिने कधी बघितलंसुद्धा नाही."

"त्या स्टुलावर बसून बघा. समोरच्या आरशात तुमचं अख्खं टेबल दिसतं. चाळीस वर्षं त्या पाठ करून बसल्या, आणि चाळीस वर्षं तुमच्याकडेच बघत होत्या. तेल कसं लावायचं, कापड कुठलं घ्यायचं, सगळं पाठ होतं त्यांना. सुई धरवत नसताना त्यांनी सुनेकडून मशीनचं तेल मागवून घेतलं. तुमच्या बाटलीला हात लावला असता तर तुम्ही ओळखलं असतं."

म्हाताऱ्याने आरशाकडे पाहिलं.

"एकच चूक झाली त्यांची. मुलावर आळ येईल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाटलं, तुम्ही ओळखाल. आणि तुम्ही सगळ्यांवर संशय घेतलात, फक्त त्यांच्यावर नाही."

"कुठे ठेवलंय?" मुलाने विचारलं.

ताई म्हाताऱ्याकडे बघत होत्या. "तुम्ही म्हणालात, घर पालथं घातलं. एक जागा सोडून. तिथली धूळ कुणी मोडलेली नाही. तुमचा हात तिथे जाणार नाही, हे त्या जाणून होत्या. ज्या दिवशी तुम्हाला ते झाकण उचलवेल, त्या दिवशी पिस्तूल तुमच्या हातात द्यायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब होता. मी तो आज मोडला. माझा नाइलाज झाला. पाच वाजता तुमचा मुलगाही तुमच्या हातून गेला असता."

म्हातारा उठला. मशीनपाशी गेला. झाकणावर हात ठेवायला गेला आणि तो हात तसाच अधांतरी राहिला. ज्या बोटांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, ती बोटं थरथरत होती.

"मला नाही उचलवत रे," तो म्हणाला.

मुलगा पुढे आला.

"तुला तेव्हा मारलं ना मी," म्हातारा त्याच्याकडे न बघता बोलला. "त्या दिवशी माझ्या चुकीने ते भरलेलं राहिलं होतं. तुझं बोट चापावर होतं. मी इतका घाबरलो होतो, की मला दुसरं काही सुचलंच नाही. नंतर सांगायला हवं होतं. राहून गेलं."

मुलाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांच्या गळ्यातला चावीचा दोरा त्याने अलगद वर काढला. म्हाताऱ्याने मान वाकवून तो काढू दिला.

"उद्या आपण दोघं जाऊन ते पोलिसांकडे जमा करू," मुलगा म्हणाला.

"कर. आत्ता काढ, पण माझ्याकडे देऊ नकोस." म्हाताऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "नुसतं बघून सांग, गंज चढलाय का?"

मुलाने झाकण उचललं. आत, यंत्राच्या मानेखाली, पांढऱ्या सुती कापडाचं गाठोडं होतं. आईच्या जुन्या उशीचा अभ्रा, कडेला तिचीच टीप. ज्या पिस्तुलाला तो एकतीस वर्षं भीत आला होता, ते त्याने उजेडात धरलं. नळीपासून मुठीपर्यंत तेलाचा एकसारखा पातळ हात फिरला होता.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "एक ठिपकासुद्धा नाही."

तेव्हा म्हातारा तिच्या स्टुलावर बसला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडला.